पणजी ते आदिलाबाद : हवाई अंतर किती, प्रवासाचा वेळ किती?

पणजी आणि आदिलाबाद या दोन शहरांमधील सरळ हवाई अंतर सुमारे ६८० किलोमीटर आहे. मोपा येथील मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळापासून मोजल्यास ते ६६० च्या आसपास येते आणि दाबोळीपासून ६९० भरते. जेट विमानाच्या वेगाने हा प्रवास जेमतेम सव्वा ते दीड तासाचा. प्रत्यक्षात मात्र पणजीहून सकाळी निघालेला प्रवासी आदिलाबादला पोहोचतो तो संध्याकाळी, क्वचित रात्रीही. आदिलाबादला धावपट्टी आहे, परंतु तेथे प्रवासी विमान उतरत नाही. त्यामुळे नकाशावरचे अंतर आणि घड्याळातला वेळ यांची या प्रवासात पार फारकत झालेली दिसते. ही फारकत नेमकी कोठे होते, ती कमी कशी करता येईल आणि प्रस्तावित विमानतळामुळे तिच्यात किती फरक पडेल, याची माहिती येथे दिली आहे.

गोव्यातील वाचकांना आदिलाबाद हे नाव परिचित असेलच असे नाही. तेलंगणाच्या उत्तर टोकाला, पैनगंगेच्या दक्षिणेस वसलेला हा जिल्हा. नदीच्या पलीकडे यवतमाळ, पश्चिमेला नांदेड, पूर्वेकडे चंद्रपूर. तेलुगू, गोंडी, कोलामी, उर्दू आणि लंबाडी यांच्या बरोबरीने येथे मराठी बोलली जाते. बेला, जैनथ यांसारख्या सीमेलगतच्या भागात तर ती घराघरांतली भाषा आहे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत जुन्या हैदराबाद संस्थानातील या जिल्ह्याचे किनवट आणि राजुरा हे भाग तेव्हाच्या द्वैभाषिक मुंबई राज्यात आले, उरलेला जिल्हा आंध्र प्रदेशात गेला. पुढे ११ ऑक्टोबर २०१६ रोजी तेलंगणा सरकारने जिल्ह्यांची फेररचना केली तेव्हा त्यातून निर्मल, मंचेरियाल आणि कोमुरम भीम आसिफाबाद हे तीन जिल्हे वेगळे झाले. राजधानी दक्षिणेला तीनशे किलोमीटरवर आणि नागपूर उत्तरेला दोनशे किलोमीटरवर, असे या गावाचे स्थान आहे. पुढचे सगळे हिशेब याच एका गोष्टीवर फिरतात.

हवाई अंतर कसे मोजतात?

पृथ्वी गोल असल्यामुळे दोन ठिकाणांमधील सर्वांत जवळची वाट ही सपाट नकाशावरची सरळ रेघ नसून पृथ्वीच्या पृष्ठभागावरील कमान असते. विमानशास्त्रात तिला बृहद्वृत्त म्हणतात. लांब पल्ल्याच्या प्रवासात या कमानीचा वळसा ठळकपणे जाणवतो. पाचशे-सातशे किलोमीटरच्या अंतरासाठी मात्र शाळेत शिकलेला पायथागोरसचा सिद्धांत पुरेसा होतो.

पणजीचे अक्षांश १५.४९ आणि रेखांश ७३.८३, आदिलाबादचे अक्षांश १९.६६ आणि रेखांश ७८.५३. अक्षांशांतील फरक ४.१७ अंश. एक अंश अक्षांश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर, म्हणून उत्तर-दक्षिण अंतर साधारण ४६३ किलोमीटर. रेखांशांतील फरक ४.७० अंश. रेखांशाच्या रेषा ध्रुवाकडे जाताना एकमेकींच्या जवळ येत जातात, त्यामुळे आपल्याकडील अक्षांशांवर एक अंश रेखांश सुमारे १०६ किलोमीटरचा होतो. म्हणजे पूर्व-पश्चिम अंतर ४९८ किलोमीटर. या दोन संख्यांच्या वर्गांच्या बेरजेचे वर्गमूळ काढले की ६८० हा आकडा मिळतो. वैमानिक मात्र किलोमीटर वापरत नाहीत. त्यांचा सागरी मैल १.८५२ किलोमीटरचा असतो, आणि त्या मापाने हेच अंतर ३६७ मैल होते.

विमान या रेषेवरून तंतोतंत जात नाही. आखून दिलेले हवाई मार्ग, लष्करी क्षेत्रांना घालावा लागणारा वळसा आणि वाऱ्याच्या दिशेनुसार धावपट्टीच्या कोणत्या टोकाकडून उतरायचे हा निर्णय, या सर्वांमुळे प्रत्यक्ष उड्डाण थोडे लांबते. वेळापत्रकात छापलेला वेळही केवळ हवेतला नसतो. विमान आपल्या जागेवरून हलल्यापासून दुसऱ्या विमानतळावर उभे राहीपर्यंतचा तो काळ असतो. ढोबळ हिशेब करायचा झाल्यास अंतराला वेगाने भागून त्यात अर्धा तास मिळवावा. एअरबस किंवा बोईंग बनावटीचे जेट ताशी सुमारे ८०० ते ८५० किलोमीटर वेगाने जाते, पंख्याचे एटीआर विमान ताशी ५०० च्या आसपास. लहान अंतरावर या दोन वेगांमधला फरक अर्ध्या-पाऊण तासापलीकडे जात नाही, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

हैदराबादमार्गे की नागपूरमार्गे?

आदिलाबाद तेलंगणात आहे म्हणून गोव्याहून जाणारा माणूस साहजिकच हैदराबादचे तिकीट काढतो. मोपा ते शमशाबाद हे हवाई अंतर सुमारे ५१५ किलोमीटर, विमानाचा वेळ सव्वा तासाच्या जवळपास. नागपूर मोप्याहून ८०८ किलोमीटरवर आहे. त्यासाठी दीड ते पावणेदोन तास लागतात. तिकिटांच्या यादीत हैदराबादचा पर्याय जवळचा दिसतो, बहुधा स्वस्तही असतो, आणि उड्डाणेही अधिक असतात. एवढे पाहून निर्णय घेतला की हिशेब चुकतो.

शमशाबादचा राजीव गांधी आंतरराष्ट्रीय विमानतळ हैदराबादच्या दक्षिणेला आहे आणि आदिलाबाद उत्तरेला. २००८ च्या मार्चपर्यंत प्रवासी विमाने बेगमपेठेत, म्हणजे शहराच्या ऐन मध्यावर उतरत. तेथून उत्तरेचा रस्ता पकडणे सोपे होते. शमशाबाद सुरू झाल्यापासून आदिलाबादच्या प्रवाशाला अवघे हैदराबाद ओलांडावे लागते. १५८ किलोमीटर लांबीचा बाह्य वळण रस्ता झाल्यामुळे शहरातल्या गर्दीतून सुटका झाली खरी, पण शहराला अर्धा वळसा घालून मेडचलजवळ कंडलाकोया येथे महामार्गाला लागेपर्यंत पाऊण ते एक तास जातो. पुढे राष्ट्रीय महामार्ग ४४ ने कामारेड्डी, आर्मूर, सोन येथील गोदावरीचा पूल, निर्मल, महबूब घाट, नेरडीगोंडा, इचोडा, गुडीहतनूर असा रस्ता आहे. शमशाबादपासून आदिलाबादपर्यंतचा हा पल्ला सुमारे ३४० किलोमीटरचा. मोटारीने सहा तास धरावेत, बसने त्याहून अधिक.

नागपूरची गोष्ट नेमकी उलटी. तेथील डॉ. बाबासाहेब आंबेडकर आंतरराष्ट्रीय विमानतळ सोनेगाव येथे, शहराच्या दक्षिण अंगाला वर्धा मार्गावर आहे आणि आदिलाबादचा रस्ताही त्याच बाजूने निघतो. प्रवाशाला नागपूर शहरात शिरावेच लागत नाही. बुटीबोरी, जाम, हिंगणघाट, वडकी, पांढरकवडा, पाटणबोरी आणि पैनगंगेचा पूल ओलांडला की तेलंगणा. हे अंतर १९० किलोमीटरच्या घरात आहे, साडेतीन तासांचे. दोन्हीकडे महामार्ग तोच ४४ क्रमांकाचा, श्रीनगरपासून कन्याकुमारीपर्यंत जाणारा.

आता बेरीज करू. पणजी ते मोपा एक तास, विमानतळावर दोन तास आधी पोहोचणे, उतरल्यावर सामान घेऊन बाहेर पडायला चाळीस मिनिटे; हे दोन्ही प्रवासांना समान आहे. हैदराबादमार्गे त्यात सव्वा तासाचे उड्डाण आणि सहा तासांचा रस्ता मिळवला की एकूण अकरा तास होतात. नागपूरमार्गे पावणेदोन तासांचे उड्डाण आणि साडेतीन तासांचा रस्ता, म्हणजे एकूण नऊ तासांच्या आत. ज्या विमानाने सुमारे तीनशे किलोमीटर जास्त उडायचे, त्यानेच दोन तास आधी पोहोचता येते. अर्थात, नागपूरला थेट विमान मिळाले तरच. मुंबईत विमान बदलावे लागल्यास तीन-चार तास वाढतात आणि हैदराबाद पुन्हा सरस ठरते. तिकीट काढण्यापूर्वी त्या दिवशी थेट सेवा आहे किंवा नाही एवढे एकच पाहिले तरी निम्मे काम होते.

हा प्रकार गोमंतकीयांना नवा नाही. ५ जानेवारी २०२३ पासून मोप्याहून उड्डाणे सुरू झाली तेव्हा पेडणे-बार्देशच्या माणसाचा प्रवास आटोपशीर झाला आणि काणकोणच्या माणसाचा लांबला. मोपा ते मुंबई आणि दाबोळी ते मुंबई यांतील हवाई अंतराचा फरक नगण्य आहे. परंतु काणकोणहून मोपा गाठण्यासाठी शंभर किलोमीटरच्या आसपास रस्ता तुडवावा लागतो. दक्षिण गोव्यातून दाबोळी टिकवण्याची मागणी वारंवार होते, तिच्या मुळाशी हेच गणित आहे. विमानतळ राज्यात आहे की नाही यापेक्षा तो आपल्या कोणत्या बाजूला आहे, हा प्रश्न प्रवाशाच्या दृष्टीने मोठा असतो.

विमान टाळून जाणाऱ्यांसाठी थोडक्यात. पणजीहून बेळगाव, सोलापूर, लातूर, नांदेडमार्गे रस्त्याने साडेआठशे ते नऊशे किलोमीटर पडतात. एका दमात करण्यासारखा हा प्रवास नव्हे. रेल्वेने जायचे तर वास्कोहून सिकंदराबाद आणि तेथून रात्रीची कृष्णा एक्सप्रेस, किंवा कोकण रेल्वेने मुंबई गाठून नंदीग्राम एक्सप्रेस. दोन्हींत दीड ते दोन दिवस जातात.

धावपट्टी आहे, विमान नाही

आदिलाबाद शहराला लागून निजामाच्या राजवटीत आखलेली एक धावपट्टी आहे. तिची साडेतीनशे एकरांहून अधिक जमीन भारतीय हवाई दलाच्या ताब्यात आहे. निजामाच्या संस्थानाला विमानाचे वावडे नव्हते. १९४५ मध्ये संस्थान आणि टाटा यांच्या भागीदारीतून डेक्कन एअरवेज ही कंपनी उभी राहिली, बेगमपेठ हे तिचे ठाणे, आणि १९५३ च्या राष्ट्रीयीकरणात ती इंडियन एअरलाइन्समध्ये विलीन झाली. संस्थानातल्या काही जिल्ह्यांच्या ठिकाणी तेव्हापासून धावपट्ट्या आहेत. वरंगळजवळची मामनूरची धावपट्टी त्यांपैकीच.

अलीकडच्या काळात तेलंगणा सरकारने सहा ठिकाणी विमानतळ उभारता येतील का याची चाचपणी विमानतळ प्राधिकरणाकडून करवून घेतली. निजामाबाद जिल्ह्यातील जक्रानपल्ली, भद्राद्री कोत्तागुडेम जिल्ह्यातील पालवंचा आणि महबूबनगर या तीन नव्या जागा. मामनूर, बसंतनगर आणि आदिलाबाद या तीन जुन्या धावपट्ट्या. यांतील मामनूरला २०२५ च्या फेब्रुवारीत केंद्राची मंजुरी मिळाली आणि त्यापाठोपाठ एप्रिलमध्ये आदिलाबादच्या हवाई दलाच्या जागेवरून नागरी विमानसेवा चालवण्यास हिरवा कंदील दाखवण्यात आला. हवाई दल आपला वापर चालू ठेवील आणि प्रवासी विमानेही तेथून उडतील, अशी ही संयुक्त व्यवस्था असेल.

याच संदर्भात हवाई अंतराचा एक वेगळाच उपयोग पाहायला मिळतो. शमशाबाद विमानतळ उभारणाऱ्या कंपनीशी सरकारने केलेल्या करारात, विमानतळ सुरू झाल्यापासून पंचवीस वर्षे त्याच्यापासून दीडशे किलोमीटरच्या हवाई अंतरात दुसरा प्रवासी विमानतळ होऊ नये, अशी अट आहे. मामनूर या वर्तुळाच्या किंचित आत पडत असल्यामुळे कंपनीची संमती घ्यावी लागली. आदिलाबाद शमशाबादपासून सरळ रेषेत २७० किलोमीटरवर असल्याने ही अट त्याला लागूच होत नाही. म्हणजे आदिलाबादची धावपट्टी इतकी वर्षे ओस पडली ती या करारामुळे नव्हे. लष्करी मालकी, प्रवासीसंख्येबद्दलची शंका आणि लांबी वाढवण्यासाठी लागणारी जमीन ही खरी कारणे.

पैकी जमिनीचा प्रश्न नाजूक आहे. मोठी विमाने उतरायची तर असलेली जागा अपुरी पडते आणि शेजारच्या गावांतील शेतजमीन संपादन करावी लागते. हा कापसाचा पट्टा आहे, काळ्या मातीचा. आदिलाबादची कापूस बाजारपेठ दूरवर प्रसिद्ध आहे. मोप्याच्या पठारावर जमिनी गेलेल्या कुटुंबांनी न्यायालयाचे उंबरठे किती झिजवले हे गोव्यातील वाचकांना ठाऊक आहे. मोबदल्याचा दर, पुनर्वसन आणि घरटी नोकरी हे विषय आदिलाबादलाही टळणार नाहीत. ते आधी निकाली निघाले तर काम वेगाने होईल, एरवी तारखा पुढे जात राहतील.

लष्करी धावपट्टीवरून नागरी विमाने चालवणे म्हणजे काय, हेही दाबोळीच्या अनुभवावरून सांगता येते. दाबोळी हा नौदलाचा आयएनएस हंसा हा तळ. नौदलाच्या सरावासाठी कामाच्या दिवशी सकाळचे काही तास प्रवासी विमानांना वर्षानुवर्षे बंद राहिले, त्यामुळे उड्डाणे दुपारी, रात्री आणि पहाटे एकवटली. हवाई दलाने आदिलाबादला प्रशिक्षणाचे काम सुरू केले तर तेथेही असेच तास वाटून घ्यावे लागतील. लहान गावात सकाळी जाऊन संध्याकाळी परतता येईल असे वेळापत्रक मिळणे हेच विमानसेवेचे खरे मोल असते. दुपारी दोनला सुटणारे एकमेव विमान व्यापाऱ्याच्याही फारसे उपयोगाचे नाही आणि रुग्णाच्याही.

विमानतळामुळे किती तास वाचतील?

विमानतळ झाला की हैदराबाद तासाभरावर येईल, अशी भाषा ऐकू येते. ती अर्धसत्य आहे. २७० किलोमीटरचे अंतर एटीआर विमान तासाभरात कापील यात शंका नाही. परंतु घरून निघून धावपट्टीवर पोहोचणे, तासभर आधी हजर राहणे, उतरल्यावर बाहेर पडणे आणि शमशाबादहून शहरात जाण्याचा आणखी एक तास, हे सगळे धरले तर चार तास होतात. मोटारीने आदिलाबादहून हैदराबाद शहर पाच ते साडेपाच तासांचे आहे. वाचला तो तास-दीड तास. ज्याचे काम सिकंदराबादला किंवा मेडचलकडे, म्हणजे शहराच्या उत्तर भागात आहे, त्याचा तेवढाही वाचणार नाही.

गोव्याहून येणाऱ्याचा हिशेब फार वेगळा नाही. मोपा ते आदिलाबाद थेट विमान सुरू झाले तर पणजीहून साडेपाच तासांत पोहोचता येईल; पण एवढ्या मोजक्या प्रवाशांसाठी तशी सेवा चालेल असे मानण्यास आधार नाही. हैदराबादला उतरून दुसरे विमान धरायचे झाल्यास मधली दोन तासांची प्रतीक्षा जमेस धरून प्रवास आठ तासांवर जातो. आजच्या नागपूरमार्गे प्रवासापेक्षा जेमतेम तासभर कमी.

खरा लाभ दूरच्या शहरांचा आहे. आदिलाबाद ते मुंबई हवाई अंतर सुमारे ६०० किलोमीटर आहे. आज नंदीग्राम एक्सप्रेसने मनमाड, परभणी, नांदेड, किनवट असा फेरा घेत या प्रवासाला एक रात्र आणि वर काही तास लागतात. दिल्ली सुमारे १००० किलोमीटरवर आहे. गंमत अशी की दिल्ली आणि हैदराबाद यांना जोडणारी सरळ रेषा आदिलाबाद शहराच्या पश्चिमेस चाळीस किलोमीटरांच्या आत, किनवट परिसरावरून जाते. दोन महानगरांमधला हवाई रस्ता या टापूच्या डोक्यावरून जातो आणि खालच्या माणसाला तो धरण्यासाठी आधी दोनशे किलोमीटर उत्तरेला किंवा तीनशे दक्षिणेला जावे लागते. मुंबई, दिल्ली, बंगळूर यांपैकी एका शहराशी थेट जोडणी मिळाली तर आदिलाबादच्या माणसाचे पाच-सहा तास एका फेरीत वाचतील. प्रादेशिक विमानसेवेच्या योजनांत मात्र लहान गावाला प्रथम राज्याची राजधानी जोडण्याचा रिवाज आहे. आदिलाबादच्या बाबतीत तो सर्वांत कमी उपयोगाचा ठरेल, असे आकडे सांगतात.

शेजारच्या नांदेडचे उदाहरण यासाठी तपासण्यासारखे आहे. २७ एप्रिल २०१७ रोजी उडान योजनेतील पहिल्या सेवांचा प्रारंभ झाला त्यात शिमला-दिल्लीबरोबर नांदेड-हैदराबाद हा मार्गही होता. हवाई अंतर २४५ किलोमीटर, म्हणजे जवळपास आदिलाबादइतकेच. ट्रूजेट कंपनीने ही सेवा काही वर्षे चालवली. पुढे कंपनीच बंद पडली आणि नांदेडकर विमानाविना राहिले. २०२४ मध्ये स्टार एअरने नांदेडहून पुन्हा उड्डाणे सुरू केली. सरकारी अनुदानावर चालणारी सेवा अनुदानाच्या मुदतीइतकीच भरवशाची असते. आदिलाबादच्या प्रवाशाने नांदेडचा पर्याय पाहायला हरकत नाही, सरळ रेषेत ते १४० किलोमीटरच्या आत आहे. पण त्या आठवड्याचे वेळापत्रक हाती आल्याखेरीज बेत ठरवू नये.

आजारपणात हेच तास वेगळ्या अर्थाने मोजले जातात. आदिलाबादला राजीव गांधी वैद्यकीय विज्ञान संस्था हे मोठे सरकारी रुग्णालय आहे, तरीही हृदयविकार, मेंदूचा आघात किंवा भाजलेल्या रुग्णांना मोठ्या शहरात हलवावे लागते. सरकारी योजनेचे कागद हैदराबादकडे बोट दाखवतात, अंतर नागपूरकडे किंवा वर्ध्याजवळच्या सेवाग्रामकडे. तीनशे किलोमीटर आणि दोनशे किलोमीटर यांतील दोन तासांचा फरक अशा वेळी निर्णायक ठरू शकतो. रुग्णवाहू विमान उतरण्याजोगी धावपट्टी दुरुस्त करणे हे पूर्ण विमानतळ बांधण्यापेक्षा कमी खर्चाचे आणि लवकर होणारे काम आहे. त्याची चर्चा फारशी होत नाही.

तीच गोष्ट रेल्वेची. आदिलाबादहून सिकंदराबादला जाणारी गाडी आज मुदखेडवरून महाराष्ट्रात फिरून निजामाबादला उतरते. निर्मल आणि आर्मूरमार्गे थेट लोहमार्ग व्हावा ही मागणी जुनी आहे. विमानाच्या तिकिटाचा विचारही न करणाऱ्या बहुसंख्य प्रवाशांचे तास त्यानेच वाचतील.

आखाताचा प्रवास आणि घड्याळातली गल्लत

जुन्या आदिलाबाद जिल्ह्यातून, विशेषतः निर्मलच्या बाजूने, आखाती देशांत कामाला गेलेल्यांची संख्या मोठी आहे. आखाताशी पिढ्यान्‌पिढ्यांचे नाते असलेल्या गोव्याला त्यांच्या प्रवासाची कल्पना यावी म्हणून हे आकडे. हैदराबाद ते दुबई हवाई अंतर सुमारे २५५० किलोमीटर. आदिलाबाद ते दुबई सरळ मोजले तर २४६० किलोमीटर, म्हणजे आदिलाबाद दुबईला हैदराबादपेक्षा नव्वद किलोमीटर जवळ आहे. तरीही तेथील कामगार प्रथम ३४० किलोमीटर दक्षिणेला जातो, तीन तास आधी विमानतळावर हजर होतो, मग चार तास उडतो. दाराशी कुलूप लावल्यापासून दुबईच्या विमानतळाबाहेर पडेपर्यंत चौदा तास धरावेत. मोप्याहून दुबई २२०० किलोमीटरच्या आसपास आहे.

तिकिटावरील वेळा वाचताना नेहमी होणारी एक गल्लत येथे सांगितली पाहिजे. सुटण्याची आणि पोहोचण्याची वेळ त्या-त्या ठिकाणच्या घड्याळाप्रमाणे छापलेली असते. दुबईचे घड्याळ भारताच्या दीड तास मागे आहे. हैदराबादहून सकाळी दहाला सुटलेले विमान दुबईला साडेबाराला पोहोचते असे दिसते, आणि प्रवास अडीच तासांचा वाटतो. वस्तुतः तो चार तासांचा असतो. परतताना उलट होते. साडेतीन तासांचे उड्डाण पाच तासांचे भासते. जाताना अधिक आणि येताना कमी वेळ लागतो याचे कारण उंचावरील पश्चिमेचे वारे. हिवाळ्यात ते अधिक जोरदार असतात आणि पूर्वेकडे येणाऱ्या विमानाला पुढे ढकलतात.

घरी न्यायला येणाऱ्या नातेवाइकांनी म्हणूनच तिकिटावरील उतरण्याची वेळ भारतीय घड्याळाची समजावी. तिच्यात काही मिळवू वा वजा करू नये. मध्यरात्रीनंतर उतरणाऱ्या विमानांच्या बाबतीत तारीख बदललेली असते, तीही पाहावी. शमशाबादला पहाटे तीनला उतरणाऱ्या प्रवाशासाठी आदिलाबादहून गाडी आदल्या रात्री नऊच्या आत निघायला हवी. निर्मल ते नेरडीगोंडा दरम्यानचा महबूब घाट पावसाळ्यात आणि धुक्याच्या पहाटे सावकाश चढावा लागतो. त्या दिवसांत आणखी एक तास हाताशी ठेवावा.